एम.ए. अर्थशास्त्र झालं, बजेटच्या कामात कुठून शिरायचं?

ऋतुजा_परभणी
नमस्कार. वय 24, एम.ए. अर्थशास्त्र. गेलं दीड वर्ष पुण्यात राहून राज्यसेवेचा अभ्यास केला, पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली. त्या अभ्यासात एक कळलं, मला अधिकारी होण्यापेक्षा अर्थसंकल्पाच्या आकड्यांत जास्त रस आहे (घरी अजून सांगितलेलं नाही). आरोग्याला एवढे कोटी दिले असं दर मार्चमध्ये ऐकते आणि आमच्या गावच्या केंद्रात कुत्रं चावलं तर लस मिळेलच असं नाही. मधे पाणी कुठं मुरतं, हे शोधायचं काम कुणी पगार देऊन करू देतं का? कोर्स कुठला करू? दिल्लीलाच जावं लागतं का? यंदा अर्थमंत्र्यांचं भाषण पूर्ण ऐकून वीस पानं टिपणं काढली, पण हाती काही लागलं नाही.

दिल्लीकर_पाहुणा
पगार देतात, बेताचा. लगेच पाहायचं तर पीआरएस या दिल्लीतल्या संसदविषयक अभ्यास संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदारासोबत काम करायचं. वयाची अट आहे, वेळ घालवू नका. अर्थशास्त्रात एम.ए. आहात म्हणजे यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवाही देता येईल, तिची वयोमर्यादा 30. जागा मात्र मोजक्या. सरकारी पैसा आणि अर्थकारण यांवर संशोधन करणाऱ्या संस्था म्हणाल तर दिल्लीत एनआयपीएफपी आणि सीबीजीए आहेत, मुंबईत गोरेगावला आयजीआयडीआर आणि पुण्यात तर गोखले संस्थाच. इंग्रजी लिहिण्याचा हात बसवा. इथे अहवाल इंग्रजीतच जातात, वाईट वाटलं तरी.

जमाखर्च_काकू
ऋतुजा, वीस पानं बाजूला ठेव. भाषण घोषणांसाठी असतं, हिशेब मागण्यांच्या पुस्तकांत असतो, म्हणजे प्रत्येक विभाग कशासाठी किती पैसे मागतो ते जिथे ओळीओळीने छापतात तिथे. मी एकतीस वर्षं सरकारी लेख्यांत काढली. आधी एका राज्य कार्यालयात लिपिक होते, नंतर जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात. निवृत्तीनंतर एका संस्थेसाठी हेच आकडे वाचून देते. कोर्सचं मला विचारू नकोस, मी बी.कॉम. आहे.

आधी लेखाशीर्ष, म्हणजे प्रत्येक जमा-खर्चाला दिलेला क्रमांक, वाचायला शीक. चार अंकी क्रमांकातला पहिला अंक बघायचा. 0210 म्हणजे आरोग्याची जमा, 2210 महसुली खर्च, 4210 भांडवली, 6210 कर्ज. दोन-दोन हजारांची उडी. शिक्षणाचं 2202 पाहिलंस तरी हाच जिना. तुला हवं ते 2210-03-103: ग्रामीण आरोग्य सेवा, प्राथमिक आरोग्य केंद्रे. पुस्तकं वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. 2025-26 चं उघडलंस तर प्रत्येक ओळीत चार रकमा दिसतील: 2023-24 चा प्रत्यक्ष खर्च, 2024-25 चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि 2025-26 चा अंदाज. बातमी चौथ्या रकमेची होते. तू पहिलीपासून सुरू कर, आणि दुसरी आणि तिसरी यांत फरक किती पडला ते बघ. त्यावर वर्षभरातल्या पुरवणी मागण्या, म्हणजे मधेच मागितलेले जादा पैसे, वेगळ्या मांड.

आता तुझं पाणी कुठं मुरतं ते. ओळीच्या शेवटी उद्दिष्ट शीर्ष असतं, म्हणजे पैसा नेमका कशावर जाणार त्याचा क्रमांक: 01 वेतन, 13 कार्यालयीन खर्च, 21 सामग्री व पुरवठा, 31 सहायक अनुदाने (वेतनेतर). जिल्हा परिषदेला पैसा सहायक अनुदान म्हणून जातो. कोषागारातून रक्कम निघाली की राज्याच्या वहीत खर्च पडला. जिल्हा परिषदेत मात्र ती पुढच्या मार्चपर्यंतही पडून राहू शकते. मंत्रालयात शंभर टक्के खर्च आणि केंद्रात रिकामं कपाट, दोन्ही एकाच वेळी खरं असतं आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं. म्हणून नुसती रक्कम विचारू नकोस, तारीख विचार. बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, निधी कधी सुटला, प्रशासकीय मान्यता कधी मिळाली, देयक कधी मंजूर झालं? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि लस पुष्कळदा पैशाच्या नव्हे, मालाच्या रूपात वरून येते, तेव्हा ती या ओळीत शोधून सापडणार नाही. औषध भांडाराची साठा नोंदवही आणि ई-औषधी या औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीवरच्या नोंदी माग.

माझी चूकही सांगते. लिपिक असताना औषधाच्या एका देयकावर मी 21 ऐवजी 13 लिहिलं. कोषागाराने आक्षेप लावून ते 31 मार्चला दुपारी परत पाठवलं. दुरुस्त करून साहेबांची सही घेऊन पळत गेले तोवर उशीर झाला होता. वर्ष संपलं म्हणून निधी व्यपगत झाला, म्हणजे परत गेला, आणि ती खरेदी पावसाळ्यावर गेली. विश्लेषक पुढे लिहितात, ‘विभागाची खर्च करण्याची क्षमता कमी’. असेल कमी. पण कधी कधी ती क्षमता म्हणजे पंचविशीतली एक घाबरलेली मुलगी असते.

नोकरीचं म्हणशील तर राज्यसेवेतूनच महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा मिळते, तुझा अभ्यास वाया गेलेला नाही. स्थानिक निधी लेखापरीक्षा आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांच्या जाहिरातींकडेही लक्ष ठेव. आतून पाहिलेल्या माणसाला बाहेर किंमत येते. उलट्या वाटेने फार थोडे येतात.

दिल्लीकर_पाहुणा
काकू, अनुदानाच्या 31 शीर्षाचं हे आमच्या तक्त्यांत कुणी धरत नाही. लाज वाटली.

ऋतुजा_परभणी
काकू, काल रात्री बसले. 103 सापडलं! पण मराठी पीडीएफमधून कॉपी केलं की अक्षरं फुटतात, ‘आरोग्य’चं भलतंच काहीतरी होतं. एका ओळीला अर्धा तास गेला. शिवाय एकाच 103 खाली बऱ्याच योजना आहेत, सगळ्यांची बेरीज घ्यायची का?

जमाखर्च_काकू
अक्षरं सोड, संकेतांक आणि आकडे हाताने टाक. हाताने टाकताना डोळा बसतो. बेरीज लगेच घेऊ नकोस. ज्यांच्या शेवटी 31 किंवा 36 आहे त्या ओळी एका रंगात, बाकीच्या दुसऱ्या रंगात. 36 म्हणजे वेतनाचं अनुदान, ते दर महिन्याला लागतं म्हणून बहुधा थांबत नाही. तुला 31 वर बसायचंय. या पुस्तकांतल्या रकमा हजारांत असतात, पानाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, ते आधी बघ. आमच्याकडे एकाने तीन शून्यं विसरून पत्रकार परिषद घेतली होती.

आणि घरी सांग. लेखा अधिकारी म्हटलं की वडील खूश होतील.