स्वॉटचा तक्ता नियोजनातून काढून टाकावा का?

ताळेबंद:
पुढच्या तीन-पाच वर्षांचं नियोजन म्हटलं की फळ्यावर आधी चार चौकोन उमटतात: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके, म्हणजेच (इंग्रजी आद्याक्षरांवरून) स्वॉट. माझ्या मते हा प्रकार बंद करावा. त्यात "अनुभवी कर्मचारी", "दर्जेदार सेवा", "वाढती स्पर्धा" हेच भरलेलं असतं. वर दुसऱ्या कंपनीचं नाव घातलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही. हिल आणि वेस्टब्रुक या संशोधकांनी १९९७ साली मांडलेल्या पाहणीत स्वॉट वापरणाऱ्या २० ब्रिटिश कंपन्या होत्या. एकीनेही त्यातून निघालेलं पुढच्या टप्प्यात वापरलं नव्हतं.

भिंगवाला:
असहमत. काम अर्धवट सोडायचं आणि खापर तक्त्यावर फोडायचं! व्यवस्थापनतज्ज्ञ वाइरिख यांनी १९८२ मध्ये 'टोज' (तेच चार चौकोन, पण एकमेकांशी जोडून) मांडलं ते नेमकं पुढच्या अर्ध्या कामासाठी. आधी बाहेरचं (संधी, धोके) लिहा, मग आतलं (बलस्थानं, उणिवा). उलट क्रमाने गेलात की आपल्या बलस्थानांना शोभतील तेवढ्याच संधी दिसतात. दर चौकोनात फार तर पाच नोंदी, प्रत्येकीपुढे आकडा आणि तो कुठून आला ते.

"निष्ठावंत ग्राहक" खोडा. "वर्षभरात १०० पैकी ७१ ग्राहकांनी पुन्हा ऑर्डर दिली" हे चालेल, पण प्रतिस्पर्ध्याचं प्रमाण त्याहून कमी असेल तरच. तेवढंच असेल तर ती धंद्यात टिकून राहण्याची किमान अट झाली, बलस्थान नव्हे. मग आतली प्रत्येक नोंद बाहेरच्या प्रत्येक नोंदीशी जोडून पाहा. १० गुणिले १०, म्हणजे १०० जोड्या. बहुतेक रिकाम्या राहतील, राहू द्या. उरलेल्या पाच-सहांना माणूस, तारीख आणि खर्च नेमून द्या.

 

अर्धविराम:
आकडा आला म्हणजे वाद मिटला असं होत नाही. बीसीजी (बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप) या सल्लागार कंपनीचा तक्ता घ्या: बाजाराची वाढ आणि आपला सापेक्ष वाटा यांवरून तो माल चार चौकोनांत टाकतो, म्हणजे सगळा आकड्यांवरच उभा आहे. सापेक्ष वाटा म्हणजे आपला बाजारहिस्सा भागिले सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा. आपले २० टक्के, त्याचे २५, उत्तर ०.८, म्हणजे १ पेक्षा कमी. त्यात बाजाराची वाढ १० टक्क्यांच्या खाली असेल तर माल 'कुत्रा' ठरतो, बंद करा. आता बाजाराची व्याख्या आवळा, फक्त वरच्या दर्जाचा माल धरा: आपले ६०, त्याचे १५, उत्तर ४. वाढ तशीच कमी असली तरी तोच माल 'दुभती गाय', म्हणजे पैसा देणारा, ठेवा! त्यामुळे व्याख्या कोण ठरवतो ते आधी विचारा. बहुधा ज्याचा विभाग वाचवायचा असतो, तोच.

ताळेबंद:
म्हणूनच मी संभाव्य चित्रांच्या, म्हणजे भविष्य कसकसं असू शकतं ते लिहून पाहण्याच्या बाजूचा. १९७३ च्या तेलसंकटाआधीच शेल या तेल कंपनीत पिअर वाक यांच्या गटाने भाववाढीचं चित्र व्यवस्थापनापुढे ठेवलं होतं. सर्वांत अनिश्चित आणि सर्वांत परिणामकारक अशा दोन गोष्टी निवडा, त्यांचे दोन अक्ष करा, चार चित्रं लिहा. अक्ष एकमेकांपासून सुटे हवेत. महागाई आणि व्याजदर असे घेतलेत तर चारपैकी दोन कोपरे जवळजवळ अशक्य निघतात आणि मेहनत वाया जाते.

भिंगवाला:
पण चित्रांतून निर्णय निघत नाहीत, निर्णय आधी हातात लागतात. ते माझ्या जोड्यांतून येतात! प्रत्येक निर्णय चारही चित्रांत घालून पाहा. तीनांत चालला तर आत्ताच सुरू करा. एकातच चालला तर यंत्र विकत न घेता भाड्याने घ्या, आणि ते चित्र खरं ठरत असल्याची खूण कोणती, ती दर महिन्याला कोण बघणार, हे लिहून ठेवा.

ताळेबंद:
जोड्या मान्य. "तीनांत चालला" ही कसोटी अमान्य. तीनांत नफा आणि चौथ्यात दिवाळं, असा निर्णयही तिच्यात पास होतो. आधी सर्वांत वाईट चित्र घ्या: विक्री ३० टक्क्यांनी घटली आणि ग्राहकांचे पैसे दोन महिने उशिरा आले तर रोकड किती महिने पुरते? पगार आणि कर्जाचे हप्ते सहा महिनेही निघत नसतील, तर बाकीच्या तीन चित्रांचे गुण मोजूच नयेत.