मदत हवी आहे: गोदामातली जुनी कन्व्हेयर लाइन, फक्त पीएलसी (लाइन चालवणारा कंट्रोलर) बदलून भागेल का?

नमस्कार मंडळी. भिवंडीत किराणा मालाचं गोदाम सांभाळतो. कन्व्हेयर-सॉर्टरची लाइन जुनी झालीय. पिठाची धूळ फोटोसेन्सरवर बसते आणि खोकं नसतानाही लाइन 'जाम' दाखवून उभी राहते. पोरं खिशात फडकं ठेवूनच फिरतात. ते चालवून घेऊ, खरी काळजी पीएलसीची. सीमेन्सचा एस७-३०० आहे, २०२३ पासून कंपनी तो टप्प्याटप्प्याने बंद करतेय.

मोटारी, रोलर ठणठणीत आहेत, भंगारात घालायला जीव होत नाही. व्हेंडर अर्थातच सगळंच नवीन घ्या म्हणतोय! नुसता पीएलसी बदलून सीमेन्सच्याच नव्या एस७-१५०० वर कुणी गेलंय का? जुना प्रोग्राम टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) सरळ उतरतो की बराचसा नव्याने लिहावा लागतो? आणि हे काम दिवाळीच्या मालाआधी उरकावं की नंतर?