'विश्वसनीयता' नेमकी कोणाची?

विचारणा
धुरातला कर्ब (कार्बन डायऑक्साइड वायू) पकडणाऱ्या कोळसा वीजकेंद्रांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. रिलायबिलिटी, अव्हेलेबिलिटी, ऑपरेबिलिटी हे तीन शब्द त्यात पानोपानी येतात. पहिल्या दोहोंना 'विश्वसनीयता' आणि 'उपलब्धता' लिहिले, तिसऱ्याशी अडले. 'कार्यक्षमता' चालेल का?

उत्तर १
नको. कार्यक्षमता म्हणजे किती कोळशात किती वीज. तो शब्द एफिशियन्सीला दिलेला आहे. महावितरणच्या पाट्यांवर 'सं. व सु.' असते, म्हणजे संचालन व सुव्यवस्था. तिथून 'संचालनसुलभता' घ्या. ग्रिडने भार उतरवायला सांगितला की टर्बाइनकडे जाणारी वाफ घटते, आणि अमाइनच्या, म्हणजे धुरातला कर्बवायू शोषणाऱ्या रसायनाच्या, द्रावणातून तो वायू सुटा करायला तीच वाफ लागते. ही ओढाताण चालकाला सांभाळता येते का, एवढाच ऑपरेबिलिटीचा अर्थ.

उत्तर २
माझी अडचण 'विश्वसनीयते'शी आहे. हा शब्द आपण सूत्रांना, साक्षीदाराला लावतो. यंत्राला मराठी माणूस 'भरवशाचे' म्हणतो. शब्द कोणताही घ्या, पण कोणाचा भरवसा ते वाक्यात आलेच पाहिजे.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातले बाउंडरी डॅम हे कोळसा वीजकेंद्र घ्या. तिथला सुमारे ११५ मेगावॅटचा संच क्र. ३ ऑक्टोबर २०१४ मध्ये कर्ब पकडू लागला. वर्षाला १० लाख टन पकडायचे ठरले होते, पण पहिल्या वर्षात पकडयंत्रणा जेमतेम ४० टक्के काळच चालली. राख आत शिरायची, अमाइन खराब व्हायचे. मात्र यंत्रणा थांबली तरी धूर तिला वळसा घालून चिमणीतून सोडता येतो, म्हणून वीज चालू राहू शकते. वीज घेणाऱ्याला केंद्र भरवशाचे वाटेल. विहिरींत सोडून तेल वर ढकलण्यासाठी ज्या तेलकंपनीला हा वायू विकला होता तिला तसे वाटले नाही. ठरलेला पुरवठा न झाल्याने केंद्राच्या वीजकंपनीला तिला भरपाई द्यावी लागली. हवेला तर कोणी विचारतच नाही, आणि मला हेच सर्वांत टोचते. 'केंद्राची विश्वसनीयता' असे मोघम लिहिलेत तर वाचक विजेचा भरवसा कर्बालाही लावेल.

उत्तर ३
क्रियापदही जपून वापरा. 'बंद पडणे' आणि 'बंद ठेवणे' हा फरक मराठीत फुकट मिळतो, इंग्रजी तांत्रिक लेखनात त्यासाठी बहुधा विशेषणे जोडतात. बाउंडरी डॅमची पकडयंत्रणा २०२१ मध्ये कॉम्प्रेसरची मोटर बिघडल्याने काही महिने बंद पडली. टेक्सासमधली पेट्रा नोव्हा ही पकडयंत्रणा २०१७ मध्ये सुरू झाली, आणि मे २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर बंद ठेवली (तिचा वायूही तेलविहिरींतच जाई); २०२३ मध्ये ती पुन्हा चालू झाली. दोन्हीकडे कर्ब पकडणे थांबले, पण थांबण्यामागे यंत्राच्या भरवशाचा प्रश्न पहिल्याच ठिकाणी.

उत्तर १
हे पटले. 'कर्बग्रहण'ही टाळा, ग्रहण म्हटले की आधी सूर्य-चंद्र आठवतात. तुमचे 'पकडणे'च बरे.

विचारणा
मग वाक्य असे केले: '२०१५ मध्ये संच क्र. ३ वीज देत होता, पण त्याची कर्ब पकडणारी यंत्रणा वारंवार बंद पडत होती.' मूळ इंग्रजीत 'केंद्राच्या विश्वसनीयतेच्या समस्या' एवढेच होते.