एमबीएची फ्रँकफर्ट ट्रिप, जावं का?

प्रश्न: सोलापुरात एमबीए करतेय, कॉलेज जानेवारीत हाइमटेक्स्टील (चादरी-टॉवेल-पडद्यांसारख्या घरगुती कापडाचं व्यापारी प्रदर्शन) बघायला नेणारे. घरी लूम आहेत, टॉवेल करतो. पप्पा म्हणतात पैशाचं बघू, पण तिथं खरंच शिकायला मिळतं का नुसतं फिरणं?

उत्तर: जा गं बिनधास्त! भारतातले टॉवेलवाले पण स्टॉल लावतात, गिऱ्हाईक आधी जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन) विचारतं मग ओइको-टेक्स (कापडात घातक रसायनं नाहीत याचं) सर्टिफिकेट मग रंग धुण्यात टिकतो का, हे शेजारी उभं राहून ऐक, वर्गात कुणी शिकवत नाही.

उत्तर: त्याआधी अक्कलकोट रोड एमआयडीसी फिर, चाटी गल्लीत दर विचार, नाहीतर फ्रँकफर्टचे भाव कशाशी ताडणार? सोलापुरी चादरीला, टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तेही सांगता आलं पाहिजे.

उत्तर: जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी ९० युरो, अपॉइंटमेंट आत्ताच बघ.