मदत हवी आहे: लँचेस्टरच्या समीकरणात ‘माहिती’ नेमकी कुठे बसवायची? संदर्भ बॅटल ऑफ ब्रिटन, १९४०

मृण्मयी_स

नमस्कार मंडळी,

संख्याशास्त्रात एमएस्सी करतेय, शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे. लष्कराची माहितीयंत्रणा आणि नियंत्रणयंत्रणा यांमुळे प्रत्यक्ष लढण्याच्या ताकदीत किती फरक पडतो, हे गणितात मांडायचंय. उदाहरण म्हणून १९४० ची ब्रिटनवरची हवाई लढाई घेतलीये. रडार, टेलिफोन, निरीक्षक आणि रेडिओ हे सगळं एकत्र बांधून केलेली ‘डाउडिंग सिस्टिम’ तिथे रोज कसाला लागत होती आणि तिचे तपशील भरपूर मिळतात. पोस्ट लांब होईल, पण तपशील सांगितल्याशिवाय मी कुठे अडलेय ते कळणार नाही.

लँचेस्टरची समीकरणं इथे बऱ्याच जणांना माहीत असतील. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती मांडली. एका बाजूची दर क्षणाची हानी ही समोरच्यांची संख्या गुणिले त्यांची मारकक्षमता इतकी धरायची. त्यातून वर्गाचा नियम निघतो: बाजूची एकूण ताकद म्हणजे मारकक्षमता गुणिले संख्येचा वर्ग. निम्म्या संख्येने बरोबरी करायची तर एकेक विमान चौपट मारक हवं.

आता अडचण. माझ्या मार्गदर्शकांनी सुचवलंय की मारकक्षमतेला माहितीचा एक गुणक लाव, १.३ घे, १.५ घे, आणि निकाल किती हलतो ते बघ. गणित सुटसुटीत होतं, मान्य. पण मला ते मनापासून पटत नाहीये. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या पंखांत आठ मशिनगन होत्या. रडार असो वा नसो, त्या तेवढ्याच वेगाने गोळ्या झाडणार. रडारमुळे बदललं ते वेगळंच: बॉम्बफेकी विमानं आली तेव्हा त्या जागी, त्या उंचीवर किती हरिकेन हजर होती. म्हणजे माहिती गुणकात नाही, संख्येत शिरायला हवी. आणि संख्येचा वर्ग होत असेल, तर दोन्ही मांडण्यांची उत्तरं फार वेगळी येतील.

वेळेचा हिशोब करून बघितला. कॅले ते डोव्हर खाडी साधारण ३४ किलोमीटर. जर्मन बॉम्बर ताशी ३०० किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला ५ किलोमीटर धरले, तर खाडी सात मिनिटांत पार. डोव्हर ते बिगिन हिलचा तळ सरळ रेषेत ९० किलोमीटरच्या आसपास, आणखी अठरा मिनिटं. इकडे अख्ख्या स्क्वाड्रनने (बारा विमानांची तुकडी) उड्डाण करून वीस हजार फुटांवर जायचं तर पंधराएक मिनिटं धरावी लागतात. किनाऱ्यावर विमानं डोळ्यांनी दिसल्यावर फोन फिरवायचा, हुकूम द्यायचा, मग उडायचं, असं केलं तर वर पोचेपर्यंत बॉम्ब पडायची वेळ झालेली असते. किनाऱ्यावरच्या ‘चेन होम’ रडार केंद्रांना मात्र ही विमानं फ्रान्सच्या किनाऱ्यावर जमायला लागली की दिसायची. त्या जास्तीच्या मिनिटांवर सगळा डोलारा उभा होता.

पण मिनिटं फुकट मिळत नव्हती. रडार केंद्राकडून फोनने नोंद बेंटली प्रायरीच्या (ब्रिटिश लढाऊ विमानदळ ‘फायटर कमांड’चं मुख्यालय) फिल्टर रूमला. तिथे एकाच हल्ल्याच्या दोन-तीन केंद्रांकडून आलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या नोंदी ताडून एक ठिकाण ठरवायचं. मग तीच माहिती ग्रुपला (प्रदेशवार विभाग) आणि त्याखालच्या सेक्टरला. आग्नेय इंग्लंड ११ व्या ग्रुपकडे, त्याचं केंद्र अक्सब्रिजला, प्रमुख कीथ पार्क. हाताखाली सात सेक्टर. कुठली स्क्वाड्रन उठवायची ते ग्रुप ठरवणार, आणि उठल्यावर तिला रेडिओवरून शत्रूपर्यंत नेणार सेक्टरचा कंट्रोलर. चेन होमचं तोंड समुद्राकडे, त्यामुळे विमानं किनारा ओलांडून आत आली की पुढचं सगळं ऑब्झर्व्हर कोअरच्या दुर्बिणींवर. रडारपासून हुकमापर्यंत चारेक मिनिटं जायची असं धरलंय.

एक तपशील मला फार आवडला. ऑपरेशन्स रूममधल्या भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांचे रंगीत पट्टे होते, लाल, पिवळा, निळा. नोंद आली तेव्हा काटा ज्या रंगावर असेल त्या रंगाचा बाण टेबलावरच्या नकाशात ठेवायचा. मुली लांब दांड्यांनी ते बाण सरकवत. वर बसलेल्या अधिकाऱ्याला नुसत्या रंगावरून कळायचं की ही नोंद ताजी आहे की शिळी, आणि शिळ्या रंगाचे बाण उचलले जायचे. म्हणजे माहितीचं वय मोजलं पाहिजे, हे त्या लोकांना १९४० साली पक्कं ठाऊक होतं. माझ्या समीकरणात मात्र वयाला जागाच नाही.

म्हणून विचारते:

पोचलेल्या विमानांची संख्या काढणारं एक मॉडेल आणि त्याचं उत्तर घेऊन लढाई चालवणारं दुसरं, अशी दोन टप्प्यांची रचना चालेल का? की हे सगळं एकाच विकलक समीकरणात उशिराचं पद घालून बसवावं?

तुलना कशाशी करायची? ‘रडार नसतं तर’ म्हणजे नेमकं काय धरायचं?

आणि सेक्टरचं केंद्रच बॉम्बने उडालं, तर ते मॉडेलमध्ये कसं दाखवायचं?

सिम्युलेशन पायथॉनमध्ये करतेय. मार्गदर्शकांपुढे मांडायला ठोस मुद्दे हवेत. आधीच आभार.

---

राशीचक्र_नव्हे_राशी

मृण्मयी, प्रश्न चांगला मांडलायस. दोन टप्पेच कर. एकाच समीकरणात उशिराचं पद घालशील तर सोडवता येईल, पण त्यातली कुठली संख्या प्रत्यक्षात कशाशी जुळते ते सांगता येणार नाही, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतील.

पहिल्या टप्प्यात एकेक हल्ला ही एक घटना धर. प्रत्येकाला साखळीतले उशीर यादृच्छिक दे: दिसणं, गाळणी, निर्णय, उड्डाण, चढाई. बेरीज हल्ल्याच्या वेळेपेक्षा कमी आली तर ती स्क्वाड्रन वेळेत. मग नोंदीचं वय. मिनिटाला ५ किलोमीटर वेगाच्या विमानाची चार मिनिटं जुनी नोंद म्हणजे २० किलोमीटरचा फरक. दिशा आणि वेग धरून पुढचा अंदाज बांधता येतो, पण शत्रूने मधेच वळण घेतलं की अंदाज फसला. तेव्हा शत्रू कुठे असू शकतो त्या अनिश्चिततेचं वर्तुळ वयाबरोबर मोठं होत जाईल आणि गाठ पडायची शक्यता कमी होत जाईल असं फल (फंक्शन) घे. दुसरं वर्तुळ आपल्याच विमानांचं, ते बहुतेक जण विसरतात. ब्रिटिशांनी त्यासाठी ‘पिप-स्क्वीक’ बसवलं होतं: विमानातला रेडिओ दर मिनिटाला १४ सेकंद आपोआप सूर सोडायचा आणि जमिनीवरची केंद्रं दिशा मोजून त्याचं ठिकाण काढायची. शत्रू कुठे आहे हे अचूक कळलं आणि आपलं विमान कुठे आहे हे नाही कळलं, तरी गाठ पडत नाही.

‘रडार नसतं तर’चं उत्तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं रडार काढून बाकी सगळं तसंच ठेवशील तर ती तुलना खोटी होईल. रडार नसतं तर फायटर कमांडने दिवसभर आकाशात गस्त ठेवली असती. एक स्क्वाड्रन तासभर जागेवर राहते असं धर, जाणं-येणं, इंधन, दारूगोळा, वैमानिकांची विश्रांती मिळव. एका जागी बारा विमानं सतत ठेवायला किमान तीन स्क्वाड्रन गुंततात. ऑगस्टमध्ये उजेड चौदा तासांहून जास्त. हिशोब करून बघ, किती जागा राखता येतील. ‘रडारने किती स्क्वाड्रन वाचवल्या’ हा आकडा त्या १.५ पेक्षा कितीतरी जास्त बोलेल.

आणि वर्गाच्या नियमावर डोळे झाकून विसंबू नकोस. तो नियम असं मानतो की एका बाजूचा प्रत्येक जण दुसऱ्या बाजूच्या कुणावरही मारा करू शकतो. हवेत लढाई मिनिटभरात फुटते आणि जोड्याजोड्यांत विखुरते. तिथे वर्गाऐवजी सरळ प्रमाणाच्या नियमाकडे झुकणारं काहीतरी असणं शक्य आहे. घातांक दोनवर बांधून ठेवू नकोस, डेटावरून काढ.

---

निवृत्त_नियंत्रक

बाळ, मी वायुसेनेत बरीच वर्षं फायटर कंट्रोलर होतो. १९४० ची यंत्रणा आणि आमची यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण खुर्चीवर बसलेल्या माणसाची अडचण तीच असते. तुझ्या मॉडेलमध्ये माहिती आली की ती पाळली गेली, असं तू धरलेलं दिसतंय. तसं होत नाही. माणूस माहितीवर किती भरवसा ठेवतो, हा स्वतंत्र घटक घे.

चेन होमला उंची नीट कळायची नाही, चूक काही हजार फुटांची व्हायची. उंचीवरून झेप घेणाऱ्या मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानांची धास्ती सगळ्यांना. मग कंट्रोलर सांगितलेल्या उंचीत आपल्या पदरचे हजार-दोन हजार फूट घालायचा, स्क्वाड्रन लीडर त्याच्यावर आणखी घालायचा. परिणाम असा की स्क्वाड्रन संरक्षक विमानांच्या थरात जाऊन अडकायची आणि बॉम्बर खालून निसटायचे. पार्कना सप्टेंबरमध्ये यावर लेखी सूचना काढावी लागली. इथे माहिती होती, वेळेवर होती, तरी उपयोग अर्धाच झाला. हा भाग गुणकात घालून दिसणार नाही. साखळीच्या प्रत्येक कडीला स्वतःचं मत असतं असं धरून चुका एकमेकींवर चढव.

उलट टोकाचं उदाहरणही घे. ६ सप्टेंबर १९३९, युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झालेले. शत्रूची विमानं येताहेत अशी चुकीची खबर मिळाली, ती खरी धरून स्वतःचीच विमानं उठवली आणि स्पिटफायरनी आपलीच दोन हरिकेन पाडली. खोट्या नोंदीची किंमत शून्य नसते, ती उणे असते. तुझ्या मॉडेलमध्ये उणे किंमत येऊ शकते का, ते तपास.

केंद्र उडालं तर काय, याचं उत्तर जाळ्याच्या रचनेत आहे. १२ ऑगस्टला जर्मनांनी डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि व्हेंटनर या रडार केंद्रांवर हल्ले केले. पहिली तीन काही तासांत चालू झाली, व्हेंटनर बरेच दिवस बंद होतं, तरी जाळं फाटलं नाही, कारण शेजारच्या केंद्रांच्या कक्षा एकमेकींवर होत्या. तीनच दिवसांनी जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंगने या केंद्रांवर हल्ले करण्यात अर्थ आहे का अशी शंका काढली. सेक्टर केंद्रांचं तसं नव्हतं. ती तळावरच, जमिनीच्या वर, आणि पर्यायी जागांमध्ये पुरेशा सोयी नाहीत. ३१ ऑगस्टला बिगिन हिलची ऑपरेशन्स रूम उडाली तेव्हा गावातल्या एका दुकानात काम हलवलं. टेबल मांडता आलं, पण टेलिफोनच्या लाइनी अपुऱ्या. क्षमता शून्य झाली नाही, आक्रसली. म्हणून ‘चालू’ किंवा ‘बंद’ असं न धरता एका वेळी किती स्क्वाड्रन हाताळता येतात ही मर्यादा धर, आणि लाइनी दुरुस्त होतील तशी ती वाढू दे.

---

मृण्मयी_स

राशी, काका, दोघांचे मनापासून आभार. गस्तीचा पर्याय पायाभूत धरणं मला सुचलंच नसतं, आणि उंचीत पदरचे फूट घालण्याचा किस्सा तर थेट मॉडेलमध्ये जाणार. आज सकाळी दोन टप्प्यांचा सांगाडा लिहायला घेतला. पहिल्या टप्प्यात सातही सेक्टरना हाताळणीची मर्यादा दिलीये.

आता नवीन पेच. मॉडेल खरं आहे की नाही ते कशावर ताडून बघायचं? त्या काळातले पाडलेल्या विमानांचे दावे विश्वासाचे नाहीत. १५ सप्टेंबरला ब्रिटिशांनी १८५ विमानं पाडल्याचं जाहीर केलं, प्रत्यक्षात जर्मनांची गेली सुमारे ६०.

---

राशीचक्र_नव्हे_राशी

दावे वापरूच नकोस. प्रत्येक बाजूची हानी तिच्या स्वतःच्या नोंदींवरून घे. आपली किती विमानं परत आली नाहीत हे मोजताना कुणी सहसा फुगवत नाही, कारण बदली विमानं मागवायची असतात. शिवाय १८५ आणि ६० यांतली तफावत हाही तुझ्या विषयाचाच भाग आहे. दोन्ही बाजूंचे सेनापती चुकीच्या आकड्यांवर पुढचे निर्णय घेत होते, आणि ब्रिटिशांची विमानं संपत आलीत या समजुतीचा जर्मनांना किती फटका बसला ते १५ सप्टेंबरला दिसलं. जमलं तर तिसरा टप्पा म्हणून घाल, नाहीतर प्रबंधात पुढच्या कामात लिही.

पडताळणीसाठी मी बिग विंगचा वाद घेतला असता. पार्क एकेक किंवा दोन-दोन स्क्वाड्रन लगेच पुढे पाठवायचे. शेजारच्या १२ व्या ग्रुपचे ली-मॅलरी आणि डग्लस बेडर यांचं म्हणणं, डक्सफर्डवरून तीन ते पाच स्क्वाड्रन हवेत एकत्र जमवून मगच तुटून पडावं. वर्गाचा नियम बेडरच्या बाजूने आहे, घड्याळ पार्कच्या. जमायला लागणारी मिनिटं वाढवत ने आणि एकत्र जमणं कुठल्या मिनिटाला तोट्यात जातं ते काढ. घातांक २ धरून एकदा, १ धरून एकदा. पार्कचे तळ लंडनभोवती आणि दक्षिणेला, डक्सफर्ड उत्तरेला, हे अंतर विसरू नकोस, दोघांना मिळणारा वेळ सारखा नव्हता. मार्गदर्शकांना तोच आलेख दाखव. त्यांचा गुणक लावून हा वाद सुटतो का, ते विचार. नाही सुटणार, कारण गुणकात मिनिटंच नाहीत.

---

मृण्मयी_स

हे करतेच. जमण्याचा वेळ शून्यापासून वीस मिनिटांपर्यंत नेते. एकच विचारायचंय, काका: एका कंट्रोलरला एकाच वेळी किती स्क्वाड्रन नीट सांभाळता येतात? मी सध्या प्रत्येक सेक्टरला तीन धरलेत.

---

निवृत्त_नियंत्रक

तीन ठीक आहे. पण तिसरी घेतल्यावर पहिल्या दोघींना मिळणाऱ्या सूचना उशिरा जातात, तो उशीर धर. एकच आवाज, एकच रेडिओ, आणि प्रत्येकीला उत्तर हवं असतं त्याच क्षणी. मर्यादा गाठेपर्यंत सगळं सुरळीत आणि पुढे एकदम बंद, असं प्रत्यक्षात होत नाही. दुसऱ्या स्क्वाड्रनपासूनच थोडं थोडं घसरायला लागतं.