नवी इमारत कुणासाठी?

वाड्यावस्त्यांवरच्या वीसच्या आतल्या पटाच्या शाळा बंद करून सगळी पोरं शाळेच्या नव्या इमारतीत आणा, हे म्हणणं कागदावर पटतं. २०२३ मध्ये समूह शाळांची, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिळून एकच मोठी शाळा करायची, टूम निघाली तेव्हाही पानशेत (पुणे) आणि तोरणमाळ (नंदुरबार) इथल्या अशाच शाळांचं उदाहरण दिलं होतं. एकच मास्तर चार इयत्ता हाकतो, त्यापेक्षा बरं, हे मलाही मान्य.

पण पहिलीतलं पोर पावसाळ्यात ओढा कसा ओलांडणार? शिक्षण हक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी, ते उगाच नाही. म्हणून माझं मत, लहान वर्ग वाडीवरच राहू द्या, नव्या इमारतीत सहावी ते आठवी भरवा. प्रयोगशाळा, मैदान त्यांनाच जास्त लागतं, आणि तेवढं अंतर ती सायकलवर जातात.

गाडीची सोय होईल म्हणता? आमच्याकडे पहिलं वर्ष झकास चालली. दुसऱ्या वर्षी गाडीवाल्याचं बिल थकलं, ऐन आषाढात गाडी बंद. पोरगे कसेबसे चालत गेले. शेजारची सातवीतली पोरगी मात्र धाकट्याला सांभाळत घरी बसली.

तेव्हा गाडीभाडं कुठल्या निधीतून, किती वर्षं, हे ठरावात आधी लिहून घ्या. ग्रामसभेत नुसतं ‘बघू’ म्हणाले की समजायचं काय ते.