मदत हवी आहे : वसाहतीमागे रात्री आणून टाकलेला राडारोडा धावकांच्या गटाने कसा हलवावा?

नमस्कार.

पुण्यातील चार मजली इमारतींच्या एका जुन्या वसाहतीत आम्ही राहतो. येथील आणि शेजारच्या सोसायट्यांतील मिळून 18 जण रोज पहाटे साडेपाचला धावायला निघतो. दिवाळीनंतर आम्ही असे ठरवले की रविवारचे धावणे 5 किलोमीटरवर थांबवायचे आणि पुढचा तास शेवटच्या इमारतीमागे, ओढ्याच्या कडेला साठलेला कचरा उचलण्यासाठी द्यायचा. धावता धावता कचरा वेचण्याची, म्हणजे प्लॉगिंगची, पद्धत 2016 च्या सुमारास स्वीडनमध्ये सुरू झाली आणि पुण्यातही आता बरेच लोक ती नियमाने करतात. परंतु ती वाटेत पडलेली बाटली किंवा वेष्टन उचलण्यासाठी आहे, आणि आमच्यासमोर आहेत ते टेम्पोतून आणून ओतलेले ढीग.

सुक्या कचऱ्याचे काम मार्गी लागले आहे. वसाहतीत दारोदार कचरा गोळा करणाऱ्या, ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील ताईंनी आम्हाला वर्गीकरण शिकवले, आणि माती झटकून वेगळ्या केलेल्या बाटल्या, पुठ्ठा व पत्रा त्याच नेतात. टायरही एका भंगारवाल्याने नेले. त्यांची आम्हाला सर्वांत जास्त घाई होती, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टायरच्या आतल्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून टाकून भागत नाही.

खरी अडचण राडारोड्याची आहे. आमच्या मोजणीप्रमाणे तो सुमारे दीड ब्रास, म्हणजे 150 घनफूट आहे. वजन 5 टनांच्या पुढे सहज जाईल. पहिल्या रविवारी आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्या काठोकाठ भरल्या. अशी एक गोणी 50 किलोच्या आसपास जाते हे कोणाच्या लक्षात आले नाही आणि एका सदस्याची कंबर धरली. आता आम्ही गोणी अर्धीच भरतो आणि घमेली रांगेत हातोहात पुढे देतो. भरलेल्या गोण्या मात्र भिंतीलगत तशाच उभ्या आहेत, कारण रोजच्या कचरागाडीत राडारोडा घेतला जात नाही. केंद्राने 2016 मध्ये घरगुती घनकचरा आणि बांधकामाचा राडारोडा यांसाठी वेगवेगळे नियम काढले, आणि त्यांत राडारोडा ज्याचा, तो योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारीही त्याचीच धरली आहे. आमच्या बाबतीत तो कोणाचा हेच ठाऊक नाही. आम्ही वर्गणी काढून टेम्पो केला आणि वाटेत कोणी हटकले, तर हा माल आमचा नाही हे दाखवण्यासाठी सोबत कोणता कागद असावा? जागेची पूर्वीची छायाचित्रे आणि सोसायटीचे पत्र पुरते का? ज्यांनी स्वतः असे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. ढिगात जुने सिमेंटचे पत्रेही आहेत. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज असू शकते आणि पत्रे फुटले की त्याचे तंतू हवेत जातात, म्हणून आम्ही त्यांना अद्याप हात लावलेला नाही. ते काढण्यासाठी कोणाला बोलवावे?

दुसरा प्रश्न नाजूक आहे. मागच्या रविवारी मातीतून एका साडीचा पदर वर आलेला दिसला. तो हळूहळू ओढला तेव्हा आत बांधून ठेवलेल्या देवांच्या सात तसबिरी निघाल्या. काचा तडकलेल्या, चौकटींना वाळवी लागलेली, पण एका गणपतीच्या कपाळावरचे कुंकू अजून तसेच होते. क्षणभर सगळे थांबले. गटातील ज्येष्ठ काकांचे म्हणणे असे की त्या नदीत विसर्जित कराव्यात. नदीत काच आणि खिळे सोडणे मला पटत नाही, परंतु त्यांच्या भावनेचाही मान राखायचा आहे. काच, लाकूड आणि कागद वेगळे करण्यापूर्वी काही विधी करण्याची पद्धत कोणाकडे आहे का? सध्या त्या धुऊन, कापडात गुंडाळून माझ्या गॅलरीत ठेवल्या आहेत.

तिसरी गोष्ट जागा स्वच्छ राखण्याची. ओढ्याकडच्या ज्या भागात आम्ही कुंड्या ठेवल्या आणि दर शनिवारी संध्याकाळी रांगोळी काढली, तेथे तीन आठवडे कोणी काही टाकले नाही. विजेच्या डीपीपलीकडच्या अंधाऱ्या भागात मात्र आठ दिवसांत नवा ढीग पडला. त्यामुळे तेथे दिवा लावावा असे मला वाटते. काहींना लोखंडी खांब रोवून टेम्पोची वाटच बंद करायची आहे, पण अग्निशमन दलाच्या गाडीला त्या बाजूने यावे लागले तर काय, ही शंका राहते. रात्री जागून गाड्यांचे क्रमांक टिपण्याच्या सूचनेला मी विरोध केला आहे, कारण तेथे भांडण झाले तर धावायला येणाऱ्या मुलींना त्याच वाटेने पहाटे जावे लागते.

पावसाळ्यात ओढा भरला की हा सगळा राडारोडा मोरीत जाऊन अडकतो आणि तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरते, म्हणून मे अखेरपर्यंत काम संपवायचे आहे. पुणे परिसरातील कोणाला रविवारी सकाळी साडेसहाला येऊन जागा प्रत्यक्ष पाहणे शक्य असेल, तर येथेच कळवावे. हातमोजे आणि फावडी आमच्याकडे आहेत. जाड तळाचे बूट मात्र स्वतःचे आणावेत, ढिगात काचा आणि खिळे फार आहेत.